अॅडालिमुमॅब चालू असताना जर्मनीत स्थलांतर : एका पत्राला उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मिळाले. आपल्याला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे पाठीच्या कण्याचा दाहक संधिवात, आहे, दर दोन आठवड्यांनी अॅडालिमुमॅबचे ४० मिलिग्रॅमचे इंजेक्शन चालू आहे, श्टुटगार्टजवळ नोकरी ठरली आहे आणि पत्नी व वर्षाचे बाळ मागाहून येणार आहेत. किती इंजेक्शने बरोबर आणावीत, विमा कोणता घ्यावा आणि विम्याच्या कागदांत आजार दिसू नये म्हणून काही महिने औषध बंद ठेवावे का, असे आपण विचारले आहे. मीही याच गटातले औषध घेत काही वर्षे जर्मनीत राहतो. मी डॉक्टर नाही. म्हणून औषधाच्या मात्रेत किंवा वेळेत कोणताही बदल आपल्या रुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे संधिवाततज्ज्ञांना, विचारल्याशिवाय करू नये, हे आधीच नमूद करतो.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो मला सर्वांत धोक्याचा वाटला. औषध बंद ठेवू नका. अॅडालिमुमॅब हे टीएनएफ-अल्फा या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाला अडवणारे प्रतिपिंड आहे. त्यात खंड पडला की पाठीचा सकाळचा आखडलेपणा बहुधा परत येतो, शिवाय शरीर त्या औषधाविरुद्धच स्वतःची प्रतिपिंडे तयार करण्याची शक्यता वाढते, आणि मग पुन्हा सुरू केलेले औषध पूर्वीइतके लागू पडेलच असे नाही. एवढा धोका पत्करून मिळवायचे तरी काय? जर्मनीतील सरकारी आरोग्यविमा, म्हणजे गेझेट्सलिशे क्रांकनकासे, जुन्या आजाराचे कारण देऊन कोणाला नाकारत नाही आणि हप्ताही वाढवत नाही; हप्ता पगारावर ठरतो. प्रश्नावली असते ती खासगी विम्याची, आणि तिच्यात आजार लपवला तर कंपनी पुढे करार रद्द करू शकते. पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर खासगी विमा स्वस्त आहे असे सांगणारे दलाल भेटतील. त्यांना नम्रपणे नकार द्यावा. जर्मनीत पहिल्यांदाच नोकरी धरणाऱ्याला पगार मर्यादेपेक्षा जास्त असला तरी स्वेच्छेने सरकारी विम्यात जाता येते, मात्र त्यासाठी नोकरी सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. स्वतःचे उत्पन्न नसलेली पत्नी आणि बाळ त्याच विम्यात जादा हप्त्याशिवाय सामावतात.

एक फट मात्र राहते. विमा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागू होतो आणि व्हिसासाठी घेतलेला प्रवासविमा जुन्या आजाराचा खर्च सहसा देत नाही. म्हणून करार सुरू होण्याच्या फार आधी येऊ नये.

खरी अडचण औषधाच्या किमतीची नसून पहिल्या अपॉइंटमेंटची आहे. सरकारी विम्यात रुग्णाला प्रत्येक पाकिटामागे फक्त ५ ते १० युरो द्यावे लागतात, आणि दीर्घकालीन आजार मान्य झाल्यावर वर्षभराचा असा खर्च उत्पन्नाच्या १ टक्क्यापुढे जात नाही. रुमॅटॉलॉजिस्टची वेळ मिळायला मात्र कित्येक महिने लागू शकतात. आल्याबरोबर घराजवळचा हाउसआर्त्स्ट, म्हणजे फॅमिली डॉक्टर, गाठावा आणि त्यांच्याकडून तातडीचा संकेतांक असलेली शिफारसचिठ्ठी मागावी. तो संकेतांक घेऊन ११६११७ या क्रमांकावर फोन केला की चार आठवड्यांच्या आतली वेळ मिळवून देण्याची सोय आहे. डॉक्टर मिळेल तो असतो, मनाजोगता नसतो आणि कधी दूरच्या गावचाही असतो, पण या कामासाठी तेवढा पुरतो.

त्या डॉक्टरांसमोर काय ठेवता, यावर बरेच काही अवलंबून आहे. महागडे बायोलॉजिक, म्हणजे अॅडालिमुमॅबसारखे जिवंत पेशींपासून बनवलेले औषध, लिहून देण्यापूर्वी इथले डॉक्टर साध्या दाहशामक गोळ्या पुरेशा ठरल्या नव्हत्या याचा पुरावा पाहतात. म्हणून निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून इंग्रजीत एक सविस्तर पत्र घ्यावे. त्यात निदानाची तारीख, कटिभागाच्या सांध्यांच्या एमआरआयचा निष्कर्ष, एचएलए-बी२७ या जनुकीय तपासणीचा अहवाल, आधी कोणत्या गोळ्या किती काळ घेतल्या आणि त्या का बदलल्या, तसेच अॅडालिमुमॅब केव्हा सुरू झाले, हे सारे असावे. औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, ब्रँडचे नव्हे. झायडस कंपनीने २०१४ साली अॅडालिमुमॅबचे बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी जवळजवळ सारखे दुसऱ्या कंपनीचे औषध, भारतात आणले तेव्हा युरोपात ते मिळायला २०१८ उजाडायचे होते, आणि आजही भारतातले ब्रँड इथल्या डॉक्टरांना ओळखीचे नसतात. पत्रासोबत क्षयरोगाच्या तपासणीचे कागद ठेवावेत: आयजीआरए ही रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयरोगावर गोळ्या घेतल्या असतील तर त्यांचा पूर्ण तपशील. हेपॅटायटिस बीचा अहवालही लागतो, कारण टीएनएफ रोखणाऱ्या औषधांनी हे दोन्ही दबलेले संसर्ग डोके वर काढू शकतात.

आता प्रत्यक्ष इंजेक्शनांबद्दल. स्वतःच्या वापरासाठी साधारण तीन महिन्यांपर्यंतचे औषध प्रवासी बरोबर आणू शकतो. नंतर भारतातून पोस्टाने मागवण्याचा विचार करू नये. युरोपीय संघाबाहेरून खासगी व्यक्तीने टपालाने औषध मागवणे इथे सहसा बेकायदा ठरते. इंजेक्शने मूळ खोक्यात, प्रिस्क्रिप्शन आणि डॉक्टरांच्या पत्रासह केबिनच्या बॅगेतच ठेवावीत. सामानकक्षात औषध गोठू शकते आणि बॅग हरवली तर सगळेच गेले. तापमान २ ते ८ अंश हवे. गोठलेला जेल पॅक खोक्याला थेट टेकू देऊ नये, मध्ये टॉवेल घालावा. एकदा गोठलेले औषध वितळल्यावर दिसायला पूर्वीसारखेच असले तरी टाकूनच द्यायचे असते. उष्णतेबाबत थोडी सवलत आहे: मूळ कंपनीचे औषध २५ अंशांच्या आत १४ दिवसांपर्यंत बाहेर राहू शकते, मात्र त्या मुदतीत ते वापरावे लागते, मधेच फ्रीजमध्ये परत ठेवले तरीही. बायोसिमिलरमध्ये ही मुदत निरनिराळी असते, म्हणून आपल्या खोक्यातले माहितीपत्रक वाचावे. सुरुवातीला हॉटेलात राहणार असाल तर खोलीतल्या मिनीबारवर विसंबू नका, तो नीट गार होत नाही. स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये ठेवू द्या म्हणून सांगावे. भाड्याच्या घरांतले ओट्याखालचे छोटे फ्रीज उलट मागच्या भिंतीशी बर्फ धरतात. तिथे खोके मधल्या कप्प्यात, भिंतीपासून दूर ठेवावे आणि शेजारी एक साधा थर्मामीटर ठेवावा.

इथे बहुधा वेगळ्या ब्रँडचे पेन, म्हणजे औषध भरलेले तयार इंजेक्शनचे साधन, मिळेल. डॉक्टरांच्या देखरेखीखाली असा बदल करणे सर्रास चालते, पण हाताची सवय बदलावी लागते: काही पेनांना बटण असते, तर काही त्वचेवर दाबल्याबरोबर सुरू होतात. पहिले पेन दवाखान्यातल्या परिचारिकेसमोर वापरावे. खोक्यावर ४० मिलिग्रॅमच लिहिले आहे ना ते पाहावे, कारण ८० मिलिग्रॅमचीही पेने असतात. पेन अर्धा तास आधी बाहेर काढून आपोआप खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. गरम पाण्यात धरू नये की हलवू नये. मांडी किंवा बेंबीपासून दोन इंच सोडून पोट, आणि दर वेळी जागा बदललेली. पेनच्या खिडकीतली रंगीत पट्टी पूर्ण येऊन थांबेपर्यंत पेन उचलू नये. एखादी मात्रा चुकली तर आठवताच घ्यावी आणि पुढची ठरल्या दिवशीच; दोन एकदम कधीही नाही. ताप असेल किंवा अँटिबायोटिक चालू असेल तर इंजेक्शन घेण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करावा. प्रवासाच्या दगदगीत नेमके हेच विसरायला होते.

खाण्यापिण्यात लिस्टेरिया या जंतूमुळे कच्च्या दुधाचे चीज टाळावे. सहकारी न्याहारीला ब्रेडवर मेट, म्हणजे डुकराच्या कच्च्या मांसाचा खिमा, आग्रहाने देतील, त्यालाही हात लावू नये. श्टुटगार्टच्या परिसरात गोचिडीतून पसरणाऱ्या मेंदूज्वराचा धोका आहे. त्याची लस मृत विषाणूची असल्याने आपल्याला चालते, तशीच फ्लू आणि न्यूमोकोकसचीही. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजण्यांच्या जिवंत लसी मात्र हे औषध चालू असताना घेता येत नाहीत, म्हणून गोवराच्या प्रतिपिंडांची तपासणी भारतातच करून ठेवा. बाळाची गोष्ट वेगळी. २०२० पासून इथल्या पाळणाघरात प्रवेशासाठी गोवराच्या लसीचा पुरावा सक्तीचा आहे, एक वर्षानंतर एक मात्रा आणि दोन वर्षांनंतर दोन. बाळाला ती लस दिल्याने आपल्याला धोका नाही. कांजण्यांच्या लसीनंतर बाळाच्या अंगावर पुरळ आले तर ते जाईपर्यंत त्याच्याशी जवळचा संपर्क टाळावा.

सुट्टीत भारतात जाल तेव्हा टायफॉइडची तोंडावाटे घ्यायची लस नको, इंजेक्शनची चालते. घरात किंवा नात्यात कोणाला क्षयरोग झाल्याचे कळले, तर परतल्यावर खोकल्याची वाट न पाहता इथल्या डॉक्टरांना सांगावे.