१२ मिमीच्या सळाखीचं वजन न तोलता कसं काढायचं?

व्यास मिमीमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ नं भागा. एका मीटरचं वजन किलोत निघते. १२ चा वर्ग १४४, भागिले १६२, म्हणजे ०.८९ किलो. पूर्ण सळाख १२ मीटरची, म्हणून एक नग साधारण १०.६७ किलो. ८ मिमीची ४.७४.

दुकानदार नगावर भाव सांगत असेल तर हे पाहाच, बारीक सळाखीत हलकेपणा डोळ्यांना दिसत नाही. आयएस १७८६ (सळाखींचं भारतीय मानक) नुसार १० मिमीपर्यंतच्या मालाला वजनात ७ टक्के कमी-जास्त चालते. घरकुलासाठी दोन-तीन क्विंटल घेताना धर्मकाट्यावर गाडी नेऊ नका, तिथला आकडा ५-१० किलोंनी सरकतो. कापूस मोजायच्या काट्यावर ८ मिमीच्या दहा दुमडलेल्या सळाखी टाका. हिशेबानं ४७.४ किलो हवेत, ७ टक्के सूट धरूनही ४४ किलोच्या खाली भरल्या तर माल परत करा.

चौकोनी बारला मात्र १६२ लावू नका. बाजूचा वर्ग गुणिले ०.००७८५.