सैन्यातील अभियंता होण्यासाठी : वाचकाचा प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा मराठी माध्यमातून दहावी उत्तीर्ण झाला असून त्याला सैन्यात अभियंता व्हायचे आहे. सोळाव्या वर्षापासून मुलांना वसतिगृहात ठेवून सैन्याच्या तांत्रिक शाखांसाठी घडवणारे वेल्बेक नावाचे महाविद्यालय इंग्लंडमध्ये असल्याचे वाचले. आपल्याकडे तशी सोय आहे काय? बेळगावच्या मिलिटरी स्कूलमध्ये त्याला आता प्रवेश मिळेल काय?
— एक पालक, खानापूर

उत्तर : वेल्बेक १९५१ साली सुरू झाले आणि २०२१ मध्ये बंद झाले. तेथील मुले गणित व भौतिकशास्त्र शिकत, मग विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेऊन अधिकारी होत. बेळगावच्या राष्ट्रीय मिलिटरी स्कूलमधील प्रवेश मुख्यतः सहावीत व नववीत होतात, त्यामुळे त्यावर विसंबून राहू नये.

आपल्याकडे ही वाट बारावीनंतर उघडते. भूदलाच्या ‘टेक्निकल एन्ट्री स्कीम’साठी अविवाहित मुलगा साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांचा असावा लागतो, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित मिळून किमान ६० टक्के गुण लागतात आणि जेईई मेन ही अभियांत्रिकीची प्रवेशपरीक्षा दिलेली असावी लागते. त्यातून निवडलेल्यांना एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत, जी साधारण पाच दिवस चालते, आणि वैद्यकीय तपासणी पार करावी लागते. पुढील चार वर्षांच्या प्रशिक्षणात अभियांत्रिकीचे शिक्षण पुणे, महू किंवा सिकंदराबाद येथील सैनिकी संस्थांत होते, आणि त्याचा खर्च सरकार करते.

तेव्हा आज खरा निर्णय पीयूसीचा, म्हणजे कर्नाटकातील अकरावी-बारावीचा आहे. कॉलेज निवडताना गणित व भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि प्रयोगशाळा कशी आहे, याची चौकशी करावी. ‘मिलिटरी अकॅडमी’ असा फलक आणि पहाटेची परेड पाहून मुलाला एखाद्या खासगी वसतिगृहात घालू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कवायत प्रशिक्षणात शिकवतातच, कच्चे राहिलेले गणित मात्र तेथे कोणी पहिल्यापासून शिकवत बसत नाही.

आपल्या भागातील मुलांची खरी दमछाक होते ती भाषेमुळे. दहावीपर्यंत ‘त्वरण’ आणि ‘घनता’ शिकलेला हुशार मुलगा पीयूसीच्या पहिल्या चाचणीत इंग्रजी संज्ञांपाशी अडतो आणि आपल्याला गणितच येत नाही, असे समजून खचतो. जेईई मेन मराठीतही देता येते, परंतु मराठी प्रश्नपत्रिकेसाठी महाराष्ट्रातील केंद्र घ्यावे लागते. पीयूसीचे विज्ञान इंग्रजीत शिकायचे असल्याने परीक्षाही इंग्रजीतूनच द्यावी, असे मला वाटते. कॉलेज सुरू होण्यापूर्वीच्या सुट्टीत दहावीच्या विज्ञानाचे इंग्रजी पुस्तक मराठी पुस्तकाशेजारी ठेवून त्याच्याकडून रोज एक प्रकरण वाचून घ्यावे.