काट्याच्या अलीकडून

कापसाचं पीक टिकाऊ, म्हणजे निसर्गाला आणि माणसाला पुढेही पेलणारं, आहे की नाही, याचं एका ओळीत उत्तर तुला हवं आहे. असं उत्तर देणारे पुष्कळ भेटतील, मी देणार नाही. तुझ्या प्रबंधाचा मसुदा वाचला. पहिल्या प्रकरणात कापूस म्हणजे नद्या पिऊन टाकणारं, फवाऱ्यांवर जगणारं पीक आहे. दुसऱ्या प्रकरणात तोच कापूस कोट्यवधी घरं चालवतो. तिसऱ्यात तू अडकलीस आणि पत्र लिहायला बसलीस. 'दोन्ही बाजूंना आकडे आहेत, विश्वास कोणावर ठेवू?' असं विचारतेस. तुझे मार्गदर्शक तटस्थ राहा म्हणतात. मी म्हणतो, राहू नकोस. काट्याच्या अलीकडे उभी राहा आणि तिथून सगळे आकडे पुन्हा एकदा वाच.

काटा म्हणजे खराखुरा वजनकाटा, ज्यावर शेतकऱ्याचा कापूस चढतो तो. त्याच्या अलीकडे बियाणं, खत, निंदणी, बोंडअळी, अवेळी पाऊस आणि वेचणी हे सगळं एका घराच्या डोक्यावर असतं. पलीकडे जिनिंग (सरकी वेगळी करणं), प्रेसिंग (गाठी बांधणं), व्यापारी, जहाज, सूतगिरणी, विणकाम, रंगाई, शिलाई, ब्रँड आणि दुकान. भाव पडला तर पलीकडच्याला गाठी गोदामात ठेवता येतात. वायदे बाजारात सौदा करून धोका दुसऱ्याच्या गळ्यात घालता येतो. काहीच जमलं नाही तर कापूस सोडून पॉलिएस्टर घेता येतं. अलीकडच्याला उधारी फेडायची असते, म्हणून तो आजच विकतो.

एक दिवस काट्यापाशी उभी राहा, नुसती बघत. घेणारा माणूस ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, पोटातून मूठभर कापूस काढतो आणि मुठीत दाबून सोडतो. कापूस लगेच फुलून वर आला तर कोरडा, दबलेला राहिला तर ओला. कवडी, म्हणजे किडका, नीट न फुललेला कापूस किती, पालापाचोळा किती, हे नजरेनं ठरतं. प्रत घसरली की भाव घसरला. हे सगळं क्षणभरात होतं आणि समोरच्याचं वर्ष त्यात ठरतं. आता पुढचं बघ. 100 किलो कापसातून साधारण 33 ते 40 किलो रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, निघते, उरलेली बहुतेक सरकी. भाव सरकीसकट कापसाच्या वजनावर ठरला असेल, तर उतारा चांगला लागल्याचा, म्हणजे रुई जास्त निघाल्याचा, फायदा शेतकऱ्याला मिळत नाही. सरकीचं तेल, ढेप, सरकीवरची आखूड लव, सगळं पलीकडे जातं. अमेरिकेतला शेतकरी मात्र जिनिंग करून घेऊन रुईच्या गाठी विकतो आणि त्याच्या प्रत्येक गाठीची प्रत सरकारी यंत्रणेनं यंत्रावर तपासलेली असते. पीक एकच आहे. काटा कुठे ठेवलाय, एवढ्यानं घराचं उत्पन्न बदलतं. तुझ्या दोनशे पानांत हे एकदाही येत नाही, याचा मला राग आला.

पाण्याचं घे. एका टी-शर्टला 2700 लिटर, हा आकडा तू तीन ठिकाणी वापरला आहेस. कुठलं पाणी ते एकदाही विचारलं नाहीस. 1960च्या दशकापासून अमू दर्या आणि सिर दर्या या नद्या मध्य आशियाच्या वाळवंटात कापसाकडे वळवल्या गेल्या आणि अरल समुद्र आटला. त्याच्या काठचं मोयनाक हे बंदर होतं, आज तिथे वाळूत गंजलेल्या बोटी उभ्या आहेत. हे कापसाच्या नावावर घडलं आणि ते लपवायचं कारण नाही. पण माली, बुर्किना फासो, बेनिनचा कापूस जवळजवळ सगळा पावसावर येतो. तिथलं पाणी नदीतून उपसलेलं नसतं, आभाळातून पडलेलं असतं. या दोन शेतांची सरासरी काढून तू कोणाला दोष देणार आहेस? कोणतंही शेत सरासरीत पिकत नाही. अरलच्या काठचा शेतकरीसुद्धा त्या निर्णयाचा मालक नव्हता. किती कापूस पिकवायचा हे त्याला वरून सांगितलं जायचं. पुढे त्याच भागातल्या उझबेकिस्तानात वेचणीसाठी सक्तीनं माणसं पाठवली जात होती. त्या कापसावरचा आंतरराष्ट्रीय बहिष्कार 2022 साली उठला. काट्याच्या अलीकडे उभी राहिलीस की पाण्याचा आणि सक्तीचा प्रश्न एकाच ठिकाणी येतो: ठरवतं कोण आणि भोगतं कोण.

व्यापाराचं प्रकरण तू चांगलं लिहिलं आहेस, मनापासून सांगतो. पण तेही जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेच्या कचेरीत बसून लिहिल्यासारखं आहे. 2001च्या सुमारास जगात कापसाचा भाव कोसळला. श्रीमंत देशांचे शेतकरी अनुदानाच्या आधारानं पिकवत राहिले आणि पश्चिम आफ्रिकेतल्या शेतकऱ्याला तो भाव अंगावर घ्यावा लागला. 2003 मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी जागतिक व्यापार संघटनेत मागणी मांडली: अनुदानं बंद करा, तोपर्यंत भरपाई द्या. ब्राझीलनं अमेरिकेविरुद्ध 2002 मध्येच तक्रार केली होती. बेनिन आणि चाड त्यात त्रयस्थ पक्ष म्हणून होते. 2005 मध्ये अपिलातही ब्राझील जिंकला, आणि 2014 मध्ये 30 कोटी डॉलर घेऊन वाद मिटला. निर्यात अनुदानं बंद करण्याचा निर्णय 2015 मध्ये संघटनेच्या नैरोबीतल्या परिषदेत झाला, देशांतर्गत अनुदानांचा प्रश्न अजून तसाच आहे. तू याला 'विकसनशील देशांचा विजय' म्हटलं आहेस. विजय झाला तो ब्राझीलचा. मालीतल्या काट्यावर ज्याचा भाव कापला गेला, त्याचं कोणी काय परत केलं? हे वाक्य खोड आणि पुन्हा लिही.

मार्च 2011 चंही बघ. भाव पाउंडाला 2 डॉलरच्या वर गेला आणि त्याच वर्षअखेर 1 डॉलरच्या खाली आला. वर्तमानपत्रांत कापूसवाल्यांची चंगळ झाल्याचं छापून आलं. पण जिथे भाव हंगामाआधीच जाहीर होतो आणि खतं-औषधं उधारीवर मिळून ती रक्कम काट्यावरच वळती होते, तिथे त्या 2 डॉलरपैकी किती पोहोचलं असेल? भाव चढताना शेवटी आणि पडताना आधी पोहोचतो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून कोणताही भाव सांगितला की मी एकच विचारतो: काट्याच्या अलीकडे किती?

पत्रात तू मोठ्या सभ्यपणे मलाही एक प्रश्न विचारला आहेस. आयुष्य व्यापारात घालवलेला माणूस शेतकऱ्याची बाजू कोणत्या अधिकारानं घेतो? त्याचं उत्तर देतो. काट्यावर भावात होणारी कपात गरजेची कुठली आणि सवयीची कुठली, हे पलीकडे बसल्याशिवाय कळत नाही. अंगठा आणि तर्जनीत पुंजका धरून तंतू ओढायचे, काळ्या कापडावर सरळ मांडायचे, लांबी पाहायची, हे मी वर्षानुवर्षं केलं. त्या काळ्या कापडावर कधीकधी एक वेगळा धागा दिसायचा, चकाकणारा, ताठ. प्लास्टिकच्या गोणीचा. वेचलेला कापूस त्या गोणीत भरला की तिचे धागे सुटून रुईत मिसळतात. ते रंग घेत नाहीत, आणि तयार कापडावर पांढरी रेघ उमटते. मग सगळ्या देशाच्या कापसावर शिक्का बसतो आणि भाव कमी धरला जातो. हातानं वेचलेला कापूस खरं तर यंत्रापेक्षा स्वच्छ असायला हवा, पण ती किंमत त्याला मिळत नाही. उपाय साधा आहे, सुती पिशव्या. मी ज्या कंपनीत होतो तिथे मी टिपण लिहिलं, की पिशव्यांचा खर्च घेणाऱ्यानं करावा, कारण फायदा आधी त्याचाच आहे. टिपण फायलीत गेलं. शेतकऱ्यांना 'जागृत' करण्याच्या सभा मात्र झाल्या. ज्याच्याकडे पिशवीला पैसे नाहीत त्याला जागृत करून काय होणार होतं? ती खंत गेलेली नाही. तेव्हा नोकरी सोडायला हवी होती, असं मला सांगणारेही आहेत. मी सोडली नाही, आणि आजही म्हणेन की बरं केलं. पुढच्या अनेक हंगामांत काट्यावरची एकेक नाहक कपात मी तिथे बसूनच काढून टाकली. बाहेरून ते झालं नसतं.

अलीकडे उभं राहणं म्हणजे पलीकडचं न बघणं, असा अर्थ काढू नकोस. बुर्किना फासोनं 2008 पासून बीटी कापूस घेतला. फवारण्या कमी झाल्या, शेतकऱ्यांना तो हवा होता. पण त्या वाणांच्या धाग्याची लांबी कमी भरू लागली, बाजारात भाव पडू लागला, आणि 2016 पासून तो मागे घेण्यात आला. शेतात चांगलं ठरलेलं वाण सूतगिरणीत नापास झालं. तुला गुंता आवडतो ना? मग हे उदाहरण घे. इथे कोणी खलनायक नाही, तरीही विचार की फवारणीचा वाढलेला खर्च शेवटी कोणाकडे परत आला.

आता टी-शर्टवर ये, तुझ्याच हिशेबानं. पाउंडाला 80 सेंट भाव धर. एका टी-शर्टला लागणाऱ्या 200 ग्रॅम रुईची किंमत होते 35 सेंट. रुईचा भाव 20 टक्क्यांनी वाढला, तर एका टी-शर्टमागे 7 सेंट वाढतात. एवढ्यासाठी शिखर परिषदा भरतात! सेंद्रिय कापसाकडे वळणाऱ्याला दोनतीन वर्षं संक्रमणात काढावी लागतात. उत्पादन बहुधा घटतं आणि माल साध्या भावानं विकावा लागतो, कारण प्रमाणपत्र अजून हातात नसतं. माती सुधारते हे खरं आहे आणि ते व्हायला हवं. पण त्या वर्षांची तूट कोणी सोसायची, हे ठरवल्याशिवाय जो 'टिकाऊ' म्हणतो, तो दुसऱ्याच्या खिशातून दान करतो आहे. तुझ्या मसुद्यात हा प्रश्न एका तळटीपेत आहे. तो प्रकरणाच्या मथळ्यात हवा.

आणि कापूस सोडायला सांगायचं, तर पुढे काय? जगात बनणाऱ्या तंतूंपैकी निम्म्याहून अधिक आज पॉलिएस्टर आहे, म्हणजे खनिज तेलातून आलेला. तो काही मातीत मुरणारा नाही. पश्चिम आफ्रिकेत कापसासाठी उधारीवर मिळालेल्या खतातला काही भाग मक्याला जातो. कापूस काढलास तर त्या घराचं धान्यही हलेल. कोरडवाहू जमिनीत, तुटपुंज्या पावसात तग धरणारं आणि रोख पैसा देणारं दुसरं पीक सुचत असेल तर आधी त्याचा काटा कुठे आहे ते शोध.

वेचणाऱ्या बायकांवरची तुझी चार पानं मी दोनदा वाचली. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांच्या कडा फाटतात, हे तू कुठून तरी ऐकून लिहिलेलं नाहीस, जाऊन पाहिलंस. कापूस पिकवणाऱ्यांमध्ये जवळजवळ निम्म्या बायका आहेत, असं संयुक्त राष्ट्रं सांगतात. कमरेची ओटी भरत त्या ओळीनं पुढे सरकतात, मजुरी किलोवर मिळते, आणि मोठ्या काट्यावर पैसे मोजून घेताना त्यांच्यातली क्वचितच कोणी समोर असते. म्हणजे काट्याच्या अलीकडेही आणखी एक काटा आहे, शेताच्या बांधावरचा. हे तू दाखवलंस, मी इतक्या वर्षांत असं मांडलं नव्हतं. ती पानं परिशिष्टात का टाकलीस? तिथून काढ आणि पहिलं प्रकरण कर.

मार्गदर्शकांना हे आवडणार नाही. त्यांच्याशी वाद घाल, माझं नाव सांगू नकोस, तुझे आकडे सांग. पाठवलेल्या तक्त्यात प्रत्येक टप्प्यावर पाणी, कार्बन आणि भाव हे तीन रकाने आहेत. चौथा रकाना वाढव: तोटा झाल्यास सोसणार कोण. बहुतेक ओळींत एकच नाव येईल. जिथे ते येत नाही त्या ओळी वेगळ्या काढून मला पाठव, आपण त्यांवर बसू.