कशासकट ते विचार

प्रिय बाय,

मानवरहित टेहळणी विमानांचा तुझा तक्ता काल रात्री दोनदा वाचला. नाव, पंखांची लांबी, उंची, तास, किंमत असे पाच रकाने. आणि खाली तुझी ओळ: ‘काका, हेरॉन 45 तास हवेत राहतं, ग्लोबल हॉक 34 तास. मग ग्लोबल हॉक इतकं महाग का? माझंच काहीतरी चुकतंय. हे काम मला झेपणार नाही बहुतेक.’

झेपण्याबद्दल मी काही लिहिणार नाही. तक्त्याबद्दल लिहितो, कारण तक्ता चुकलाय, आणि अगदी असाच मी एकदा चुकलो होतो.

तुझे पप्पा हर्णैहून बोट काढतात तेव्हा ‘आठ दिवसांवर चाललो’ असं म्हणतात. ते आठ दिवस कुठून येतात, कधी विचारलंस त्यांना? डिझेल, बर्फ, पाणी, शिधा, सात-आठ खलाशी. डिझेलचे बॅरल वाढवले की बर्फाला जागा उरत नाही. बर्फ कमी पडला तर आठव्या दिवसाची मासळी बंदरात येईपर्यंत मऊ पडते आणि लिलावात कोणी हात लावत नाही. नुसतं डिझेल भरून पंधरा दिवस समुद्रात राहता येईल, पण त्याला कोणताही तांडेल फेरी म्हणणार नाही. हे तू लहानपणापासून बघत आलीस आणि तक्ता करताना नेमकं तेच विसरलीस!

तास किती, हा अर्धाच प्रश्न आहे. कशासकट, ते विचार.

हेरॉनचं उड्डाणाचं वजन सव्वा टनाच्या आसपास, मागे एक छोटं पिस्टन इंजिन, साधारण 115 अश्वशक्तीचं. ग्लोबल हॉक साडेचौदा टनांचं, पंख जवळजवळ 40 मीटर, जेट इंजिन, आणि ते 60,000 फुटांवर जातं. तिथून टनभराहून जास्त वजनाची यंत्रं एका फेरीत केवढातरी मुलूख बघून येतात. दोघांचे तास एकाखाली एक लिहिणं म्हणजे छोटी होडी आणि ट्रॉलर एकाच रकान्यात मांडणं. विकासाचा खर्च धरला तर एकेक ग्लोबल हॉक 20 कोटी डॉलरच्या वर गेलं. आणि जून 2019 मध्ये होर्मुझजवळ त्याच जातीचं एक विमान इराणने क्षेपणास्त्राने पाडलं. संथ चालीचं, लांब पंखांचं विमान बघतं भरपूर, पण पळून जाऊ शकत नाही. हे किमतीच्या रकान्यात कुठे लिहिलंयस?

आता माझं. वीसेक वर्षांपूर्वी मी एका छोट्या कंपनीत होतो, तिचं नाव इथे नको. आमचं एक मानवरहित विमान होतं आणि त्याच्या चाचणीच्या कागदावर सही माझी होती. जानेवारीतली पहाट, वारा अजिबात नाही, नाकातला कॅमेरा काढलेला, दुसरा अँटेना काढलेला, टाकी काठोकाठ. विमान 14 तास फिरलं. मी ‘14 तास’ लिहिलं. शेजारी शेऱ्याचा रकाना होता, चांगला चार बोटं रुंद. तो मी रिकामा सोडला. लिहू नकोस असं कुणी म्हणालं नव्हतं. मला घाई होती आणि मनातून आनंद झाला होता, एवढंच.

पुढे गिऱ्हाइकासमोर तेच विमान कॅमेऱ्यासकट उडालं. नवव्या तासाला परतताना समोरून वारा, आणि धावपट्टी दिसत असताना इंजिन बंद पडलं. विमान ज्वारीच्या शेतात आडवं झालं. कुणाला लागलं नाही. चौकशीत ठपका आला रिमोटवर विमान उतरवणाऱ्या पोरावर, तो 26 वर्षांचा होता. त्याने परतायला उशीर केला म्हणे. अरे, त्याने माझ्या 14 वर विश्वास ठेवला होता! मी त्या खोलीत बसलो होतो आणि एक शब्द बोललो नाही.

त्यानंतर मी एकही आकडा शेऱ्याशिवाय सही करून दिला नाही. दोन बढत्या गेल्या. आडमुठा म्हणतात मला, अजूनही म्हणतात. म्हणू देत. काम अडवलं असेल मी, पण त्यानंतर माझ्या सहीवर विसंबून कुणाचं विमान शेतात गेलं नाही. हे तुला सांगायची गरज नव्हती कदाचित, पण सांगितलं.

तर हिशेब असा मांड. विमान 24 तासांचं, चाल ताशी 200 किलोमीटर, पहारा द्यायची जागा तळापासून 600 किलोमीटर. जायला तीन तास, यायला तीन. परतीचं राखीव इंधन दोन तासांचं धर. डोळा उघडा राहिला 16 तास. उरलेल्या आठ तासांना दुसरं विमान लागेल, एक दुरुस्तीत असेल, एक सुट्या भागांची वाट बघत असेल. अमेरिकी हवाई दल एका जागेवर अखंड पहाऱ्यासाठी चार विमानांचा संच धरतं आणि त्यामागे दीडशेहून जास्त माणसं लागतात. वैमानिक नाही म्हणून स्वस्त, हे ज्याने तुला सांगितलं त्याने ही माणसं मोजली नाहीत. कशासकट? माणसांसकट.

आणि पावसाळ्यासकट. लांब सडपातळ पंख थोड्या इंधनात तरंगतात, म्हणून तर इतके तास मिळतात. तेच पंख आडव्या वाऱ्यात उतरताना जड जातात. जुलैत आपल्याकडे ढग टेकडीला टेकलेले असतात, कॅमेऱ्याला खाली काही दिसत नाही, रडारच हवं. रडारला वजन आहे, त्याला वीज लागते, की तुझे तास पुन्हा उतरले. शिवाय लाकडी किंवा फायबरची होडी खवळलेल्या पाण्यात रडारवर नीट उठत नाही.

तास फालतू आहेत असं मी म्हणत नाहीये, गैरसमज नको. 1993 साली रायगडातल्या शेखाडीला मुंबईच्या स्फोटांचं आरडीएक्स उतरलं, ते आपल्या किनाऱ्यानेच पाहिलं. 18 ऑगस्ट 2022 ला हरिहरेश्वरला तीन एके-47 असलेली बेवारस नौका लागली. जूनअखेरीस मस्कतजवळ सोडून दिलेली ती नौका दीड महिन्याहून जास्त काळ अरबी समुद्रात वाहत होती. एवढ्या पाण्यावर नजर ठेवायची तर तास हवेतच. म्हणून तर 15 ऑक्टोबर 2024 ला आपण अमेरिकेकडून 31 एमक्यू-9बी मानवरहित विमानं घ्यायचा करार केला, 15 नौदलाला, आठ-आठ भूदलाला आणि हवाई दलाला, सुमारे 32,000 कोटी रुपयांचा. लगेच 31 ने भागायला बसू नकोस! त्यात जमिनीवरची नियंत्रण केंद्रं आहेत, शस्त्रं आहेत, देखभाल आहे. त्याआधी महिनाभरच, नौदलाने भाड्याने घेतलेल्या अशाच दोन विमानांपैकी एक चेन्नईजवळ समुद्रात उतरवावं लागलं होतं. उड्डाणात बिघाड झाला, तो दुरुस्त होईना, म्हणून चालकांनी ते वस्तीपासून दूर पाण्यावर नेलं.

आपल्या देशात बनवलेल्या तापस या मानवरहित विमानाबद्दल तुझ्या सरांनी ‘फसलं’ असा एक शब्द लिहिलाय. तो खोड. 2011 ला मंजुरी, 1,540 कोटी, अपेक्षा 30,000 फुटांवर 24 तासांची. वजन ठरल्यापेक्षा बरंच वाढलं. चाचण्यांत ते 28,000 फूट आणि 18 तासांपर्यंत पोचलं. सैन्याला हवं होतं तेवढं झालं नाही, हे खरं. पण ते 18 तास कशासकट होते, हे शोधून लिही, मग मत दे. एका शब्दात कुणाची पंधरा वर्षं पुसू नयेत.

आता कामाला लाग. रविवारी पप्पा बंदरात असतील तेव्हा त्यांच्याजवळ बस आणि एका फेरीला बर्फाच्या लाद्या किती, बॅरल किती, आणि बॅरल एकाने वाढवला तर लाद्या कितीने कमी होतात ते लिहून घे. तोच आलेख विमानाचा काढ, इंधन एका बाजूला, यंत्रं दुसऱ्या. तक्त्यात सहावा रकाना घाल, शेऱ्याचा, आणि तो बाकी पाचांपेक्षा रुंद ठेव. सर विचारतील एवढी जागा कशाला. त्यांना माझं नाव सांग, मी बोलेन त्यांच्याशी.

तक्ता गुरुवारपर्यंत पाठव. आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका