‘मी नर्स व्हायच्या लायकीची नाही का?’

प्रिय ताई,
मी बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. गेल्या महिन्यात मेडिसिन वॉर्डात एक आजी माझ्यासमोर गेल्या. सकाळी मीच त्यांना स्पंज दिला होता. सिस्टरांनी मला बॉडी पॅक करायला लावली आणि लगेच म्हणाल्या, “रडत काय बसलीस, सहा नंबरचं बीपी घे.” तेव्हापासून झोप नाही. ड्युटीला निघताना छाती धडधडते. कधी वाटतं, सकाळी उठूच नये. मॅडमना सांगितलं तर म्हणतील, ही काय नर्स होणार! डॉक्टरांकडे गेले तर पुढे नोकरीत अडचण येईल. बाबांनी कर्ज काढलंय. सोडून देऊ का?

बाळा,
आधी त्या एका वाक्याचं बघू. ‘उठूच नये’ हे थकून वाटतं, की जीवच नकोसा झालाय? स्पष्टच विचारते. जीव नकोसा झाला असेल तर पुढचं नंतर वाच. आधी रूममेटला उठव, एकटी थांबू नकोस आणि 14416 ला फोन लाव. हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. 24 तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. स्वतःला काही करून घेशील असं वाटलं तर रूममेटला घेऊन सरळ कॅज्युअल्टीत जा.

आता लायकीचं. सकाळी जिचं अंग पुसलं, तिचाच जबडा दुपारी पट्टीने बांधायचा, नाकात कापूस घालायचा, पायाचे अंगठे बांधायचे आणि लगेच शेजारच्या बेडपाशी जाऊन बीपीचा कफ गुंडाळायचा. तुझ्या वयात, पहिल्यांदाच हे करताना रडू येणारच. त्यावरून कुणाची लायकी ठरत नाही. त्या सिस्टरांच्या अंगावर एकावेळी किती पेशंट असतात हे तू रोज बघतेस. त्यांनाही कधी कुणी बसवून विचारलं नसेल. तरीही पहिला मृत्यू पाहिलेल्या विद्यार्थिनीला दहा मिनिटं बाजूला घेऊन बोलणं हा शिकवण्याचाच भाग आहे. तो राहून गेला, आणि तू त्याचा दोष स्वतःकडे घेते आहेस. मला याचं फार वाईट वाटतं.

चार दिवसांत निवळलं असतं तर मैत्रिणींशी बोल म्हटलं असतं. महिना झाला, आता मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं. आपल्याच हॉस्पिटलात लाज वाटते ना? मग जिल्हा रुग्णालयाच्या किंवा दुसऱ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत जा. नोकरीच्या भीतीपायी थांबू नकोस. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुला दिला आहे. जीवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर डॉक्टर ती तुला न विचारता कॉलेजला सांगू शकत नाहीत.

कॉलेजात सगळ्यांना सांगायची गरज नाही. ज्या ट्यूटरशी थोडं मोकळं बोलता येतं, त्यांना एकटीने भेट. “वॉर्डातल्या त्या मृत्यूनंतर मला झोप नाही, उपचार घ्यायचे आहेत,” एवढं पुरे. समुपदेशक कोण आहेत, हेही विचार. 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने निदान एक पात्र समुपदेशक नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितलंय. तेव्हा तू मेहेरबानी मागत नाहीयेस.

सोडायचं की नाही, हे आत्ता ठरवू नकोस. महिनाभर न झोपलेल्या डोक्याने इतका मोठा निर्णय घ्यायचा नसतो. सुट्टी लागली तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडून लेखी अर्ज दे. परीक्षेला थिअरी आणि प्रॅक्टिकलची 80 टक्के हजेरी लागते. प्रॅक्टिकलचे उरलेले तास पदवीच्या आधी भरून काढायचे असतात, म्हणजे थोड्या दिवसांच्या सुट्टीने वर्ष जात नाही.

कर्जाचा विषय घरी आत्ता काढूच नकोस. आज आईला फोन कर आणि एवढंच सांग: “मला महिनाभर झोप नाही, डॉक्टरांकडे जायचंय, तू येशील का?”

तुझी ताई