जुना पेट्रोल विडर (तण काढायचं यंत्र) 10-15 मिनिटं चालून बंद पडतो, थोडं थांबलं की परत सुरू होतो. काय बिघाड असेल?

आधी टाकीचं झाकण बघा. त्यातलं हवेचं बारीक छिद्र बुजलेलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. हवा आत शिरली नाही की पेट्रोल खाली उतरायचं थांबतं आणि इंजिन आचके देत बंद पडतं. बंद पडल्या पडल्या झाकण सैल करा: ‘फुस्स’ आवाज येऊन लगेच सुरू झालं तर दोष तिथेच. तासगाव भागात मी विडर दुरुस्त करतो. द्राक्षबागेतली धूळ आणि फवारणीचं औषध मिळून झाकणावर दगडासारखा थर बसतो. झाकण ठीक असेल तर इंजिन गार होऊ द्या, पेट्रोलचा कॉक बंद करा आणि कार्बोरेटरची (पेट्रोलात हवा मिसळणाऱ्या भागाची) वाटी उघडा. तळाशी पाण्याचे थेंब पेट्रोलपासून वेगळे, मण्यांसारखे दिसतात. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पावसाळाभर टाकीत पडून राहिलं की पाणी धरतं. जेट (कार्बोरेटरमधला, पेट्रोल जाण्याचं बारीक भोक असलेला भाग) साफ करताना मात्र तारेने कोरू नका, हवेनेच फुंका. भोक मोठं झालं तर जेट वाया गेला. गरम झाल्यावर प्लगला ठिणगीच येत नसेल, तर बहुधा कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) गेलेली असते. मग या साफसफाईने फरक पडणार नाही.