तुझ्या वाणसामानाच्या बिलाबद्दल

निशी-कासाई, टोकियो

प्रिय पोरी,

तू पाठवलेला बिलाचा फोटो रात्री मोठा करून ओळ न् ओळ वाचला. तूरडाळ, बासमती, आटा, गोठवलेली भेंडी, गोठवलेले पराठे, आमरसाचा डबा, पोहे, चिवड्याची दोन पाकिटं. एकूण 9,480 येन. आणि खाली तुझं वाक्य, "मावशी, आता महिनाअखेरपर्यंत ब्रेड-जॅमवर काढते." बिलाचं मला काही वाटलं नाही, पहिल्या महिन्यात सगळ्यांचंच असं होतं. त्या वाक्यानं मात्र झोप लागेना, म्हणून लिहायला बसले.

ब्रेड-जॅम मी करून बसलेय. 2004 साली मी इथे आले तेव्हा 1 येन म्हणजे साधारण 42 पैसे. दुकानात जे उचलीन त्याचे मनातल्या मनात रुपये करायचे. पाव कोबी 100 येन, म्हणजे 42 रुपये, की हात मागे. फळं नकोत, दूध अर्धाच लिटर, डाळ फक्त रविवारी. घरी बहिणीचं लग्न ठरलं होतं, पैसे पाठवायचे होते, आणि माझ्या हातात होतं ते एवढंच, की आपल्या पोटाला चिमटा काढायचा. वर्षाच्या आत स्टेशनच्या जिन्यावर दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली. मी ती थंडीवर ढकलली. मग ऑफिसच्या वार्षिक तपासणीत हिमोग्लोबिन निघालं 8.4. डॉक्टरांनी विचारलं, रोज काय खाता? मी सांगितलं. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. तीन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या, आणि आईला त्यातलं काही कळू दिलं नाही.

म्हणून सगळ्यात आधी हे ऐक. पगार येनमध्ये आहे तर भावही येनमध्येच बघ. पगार झाला की भाडं आणि खाणं आधी बाजूला काढ, घरी पाठवायचे पैसे त्यानंतर. आईबाबांना तुझ्या पोटातून वाचवलेले पैसे नकोत, हे मी तुझ्या आईला तीस वर्षं ओळखते म्हणून सांगू शकते.

आता महागाईबद्दल. तू म्हणतेस, "इम्पोर्टेड आहे म्हणून महाग." बरीच वर्षं मीही तेच म्हणत होते, पण ते खरं नाही. जपान उष्मांकाच्या हिशेबानं आपल्या गरजेच्या जेमतेम 38 टक्के अन्न स्वतः पिकवतो. गहू बहुतेक अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातून येतो. सोयाबीन बाहेरचं, तीळ जवळजवळ सगळे बाहेरचे. दुकानातलं सगळ्यात स्वस्त फळ कोणतं? केळं, आणि ते येतं फिलिपिन्समधून. उलट इथेच पिकलेल्या द्राक्षांच्या एका घडाचा भाव बघ. म्हणजे लांबून येण्याचा आणि महाग असण्याचा तसा थेट संबंध नाही. जे सगळ्या देशाला रोज लागतं ते जहाजं भरभरून येतं आणि स्वस्त पडतं. जे आपल्यासारख्या मूठभरांना लागतं, त्या एका कंटेनरचं भाडं, तपासणी, गोदाम, दुकानाचं भाडं, सगळं थोड्याच पाकिटांवर वाटलं जातं. तुझ्या तूरडाळीच्या भावात डाळ थोडी आहे, आपण इथे थोडे आहोत याचा भाव जास्त आहे.

त्यात येन पडला. 2012 मध्ये डॉलरला 80 येनच्या आसपास मोजावे लागायचे, जुलै 2024 मध्ये 160 च्या पलीकडे. बाहेरून येणारा माल बराचसा डॉलरमध्ये घेतला जातो. तेव्हा दुकानदारावर चिडू नकोस, तोही कडेलाच उभा आहे.

हापूसचं तुला वेगळं सांगते, कारण मे महिन्यात तू रडणार आहेस. फळमाशीच्या भीतीनं जपाननं आपला आंबा कित्येक वर्षं बंद ठेवला होता, तो 2006 साली उघडला. पण अट अशी, की आंब्याला आधी बाष्पाची प्रक्रिया द्यायची, 47.5 अंशांवर 20 मिनिटं. ही सोय वाशीलाही आहे. हंगामात जपानी निरीक्षक भारतात येऊन ती प्रक्रिया तपासतात, मग आंबा विमानानं निघतो. इतकं झाल्यावर इथे एका आंब्याला जे पडतं त्यात पुण्याला निम्मी पेटी येईल. मी वर्षातून एकदा दोन आंबे घेते. कापत नाही, हातानं मऊ करून चोखून खाते, आणि त्या दिवशी हिशेब लिहीत नाही. तूही घे. पण बॅगेत लपवून आणायचा विचार मनात आणू नकोस. एका वर्षी मी कपड्यांच्या घडीत सहा हापूस आणले होते. वास लपतो होय? विमानतळावरच्या बाईंनी एक एक काढून मेजावर ठेवला, कागदावर माझी सही घेतली आणि सगळे नष्ट करायला नेले. त्या रागावल्या नव्हत्या, त्याचीच मला जास्त लाज वाटली. ताजा कढीपत्ता, फळं, बियाणं, काहीही परवानगीशिवाय आणायचं नाही. तो गुन्हा आहे, आणि इथल्या शेतकऱ्याच्या बागेचा प्रश्न आहे.

तांदळाचं जरा गुंतागुंतीचं आहे. परदेशी तांदूळ इथे मुद्दाम महाग ठेवलाय. ठरलेल्या कोट्याबाहेर आणायचा तर किलोला 341 येन जकात. बासमतीवर तू इतकी रागावलीस त्याचं मूळ तिथे आहे. पण इथल्या माणसालाही तांदूळ स्वस्त राहिलेला नाही. 2025 च्या मे महिन्यात 5 किलोच्या पिशवीचा सरासरी भाव 4,200 येनच्या वर गेला, आदल्या वर्षीच्या जवळपास दुप्पट. आमच्या शेजारच्या आजी सरकारी साठ्यातल्या स्वस्त तांदळासाठी पहाटे रांगेत उभ्या राहिल्या. "मला तांदूळ विकत घ्यावाच लागत नाही, समर्थक देतात," अशा अर्थाचं बोलून बसलेल्या शेतीमंत्र्याला तेव्हा खुर्ची सोडावी लागली. महागाई फक्त आपल्याच वाट्याला आलीय असं वाटायला लागलं ना, की त्या आजी आठवत जा. बासमती सणाला ठेव. रोज इथलाच तांदूळ खा, पाणी जरा कमी घालून. वरणभाताला, दहीभाताला तो उत्तम लागतो. आंबेमोहोर खाऊन वाढलेल्या मुलीला मऊ, चिकट भाताचं वावडं असायचं कारण नाही.

आता भाज्या. तू भेंडी इंडियन शॉपमधून गोठवलेली घेतलीस. इथे उन्हाळ्यात ताजी भेंडी साध्या सुपरमार्केटमध्ये मिळते, नावही ओकुरा. ती लोक जराशी उकळून किंवा कच्चीच चिरून खातात, आपण परतायची. गोठवलेली हवीच असेल तर हिरव्या पाटीचं ग्योमु सुपर नावाचं दुकान बघ, तिथे मोठी पिशवी स्वस्त पडते. कारलं म्हणजे गोया, ओकिनावाचं. अळकुड्या म्हणजे सातोइमो. थंडी पडायला लागली की ढिगानं येतात, उकडून, चिंचगुळात घालून बघ. काबोचा नावाचा हिरव्या सालीचा भोपळा इतका गोड आणि कोरडा असतो, की त्याचे घारगे आपल्याकडच्या भोपळ्यापेक्षा चांगले होतात, हे मी माझ्या सासूबाईंच्या तोंडून ऐकलंय. मोयाशी म्हणजे मुगाचे लांब मोड, चाळीसेक येनला पिशवी. त्याची उसळ होणार नाही, पण लसूण आणि दाण्याचं कूट घालून भाजी छान होते. आणि मुळा! दाइकोन पाल्यासकट मिळाला तर सोडू नकोस. इथे बरेच लोक पाला टाकून देतात. हरभऱ्याची डाळ भिजवून, वरून लसणाची फोडणी देऊन तो पाला केला की खिडकीबाहेर टोकियो आहे हे विसरायला होतं.

तोफू, अंडी, दूध, दही यांत काटकसर करायची नाही. तूरडाळ रोज नको असेल तर नको, पण प्रथिनं रोज हवीत. चहा मात्र घरूनच आण, पावडर हलकी असते. गोडा मसाला, आमसुलं, हिंग हेही तिकडून, दुकानातली बंद पाकिटं. चिवडा, पराठे, पाणीपुरीच्या पुऱ्या इथे विकत घेणं म्हणजे हवेचं भाडं भरणं. पोहे घेतलेस ना, मग चिवडा घरी कर. डाळ आणि आटा एकटीनं किलोकिलोनं घेऊ नकोस. आमच्या इमारतीत आम्ही तिघी मिळून मोठी पोती मागवतो आणि डब्यांत वाटून घेतो, तुझं नाव चौथं लिहिलंय. संध्याकाळी आठनंतर सुपरमध्ये गेलीस तर निम्म्या भावाची चिकटपट्टी लावणारा मुलगा दिसेल. त्याच्या आगेमागे थांबायला लाजू नकोस, तिथे सगळेच थांबलेले असतात.

आणि गणपती. पहिल्या वर्षी मी तांदळाच्या पिठीसाठी पार शिन-ओकुबोपर्यंत हिंडले होते, जाण्यायेण्याचं भाडंच पिठीपेक्षा जास्त झालं. घराशेजारच्या सुपरमध्ये खालच्या फळीवर जोशिंको ठेवलेलं होतं, आणि ती तांदळाचीच पिठी होती. मला वाचता येत नव्हतं एवढंच. आता मी दोन वाट्या जोशिंकोत दोन चमचे शिरातामाको, म्हणजे चिकट तांदळाचं पीठ, मिसळते. उकड काढून गरम असतानाच तुपाच्या हातानं मळायची. पारी अशी पातळ होते, की आतलं सारण बाहेरून तांबूस दिसतं, आणि वाफेवर एकही मोदक फुटत नाही. सारणाला गूळ म्हणून कोकुतो, ओकिनावाच्या उसाचा काळा गूळ. जराशी खारट चव असते त्याला, नारळाबरोबर ती छान मुरते. संक्रांतीला तिळगूळही त्याचाच करते. इथले तीळ भाजताना आधी वास घेऊन बघ, मग बोल.

शनिवारी दुपारी ये. तुझ्या वाटणीची दोन किलो तूरडाळ आणि पाच किलो आटा काढून ठेवलाय, त्याचे पैसे सावकाश दे. येताना दोन रिकामे डबे आण, आणि वाटेत पाल्यासकट मुळा दिसला तर घे. ब्रेड उरला असेल तर तोही आण, त्याचा उपमा करू.

तुझी,
मावशी